शकुंतलेचा मार्ग : यवतमाळच्या जुन्या रेल्वेची एक अभ्यासभेट

इयत्ता नववीच्या वर्गात इतिहास शिकविताना आम्हांला दरवर्षी एक अनुभव येतो. भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली, हे उत्तर विद्यार्थी एका सुरात देतात. परंतु आपल्या यवतमाळात रेल्वे केव्हा आली, कोणी आणली आणि कशासाठी आणली, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. एका वर्षी या शांततेनंतर मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “गुरुजी, आपल्याकडे रेल्वे होती?” त्याच्या आजोळच्या गावावरून ती गाडी अनेक दशके गेली होती. त्या मुलाच्या प्रश्नामुळेच आम्ही विद्यार्थ्यांना यवतमाळचे जुने रेल्वेस्थानक दाखविण्याचे ठरविले. त्या भेटीची आणि तिच्या निमित्ताने जुळविलेल्या माहितीची ही नोंद आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी, पालकांसाठी व समाजबांधवांसाठी स्मरणिकेत देत आहोत.

स्थानकावर

हिवाळ्यातील एका सकाळी वंदना आणि न्याहारी आटोपून आम्ही निघालो. मुलांच्या हाती वह्या, पेन्सिली आणि मोजपट्ट्या होत्या. जुने स्थानक भव्य असेल, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात त्यांना दिसली एक लहानशी इमारत, जमिनीलगतचा फलाट आणि गवतात शिरलेले दोन बारीक रूळ. काही मुले हिरमुसली. “एवढेच?” असा प्रश्न चेहऱ्यांवर स्पष्ट होता.

आम्ही त्यांना रुळांमधील अंतर मोजावयास सांगितले. दोन मुलींनी पट्टी धरली आणि उत्तर आले : शहात्तर सेंटिमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे जुन्या मापाने अडीच फूट. वर्ध्याला किंवा बडनेऱ्याला पाहिलेल्या रुळांशी तुलना केल्यावर मुलांना कुतूहल वाटले. तेथील रुंद मार्गाचे अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट असते. येथे ते ७६२ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. हा फरक का, या एका प्रश्नातून पुढचा सारा इतिहास उलगडत गेला.

कापसासाठी आलेली गाडी

निजामाच्या ताब्यातील वऱ्हाड १८५३ च्या कराराने इंग्रजांच्या कारभाराखाली आले. येथील काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसावर इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासली. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या ‘जीआयपी’चा रुंद मार्ग भुसावळहून वऱ्हाड ओलांडून पुढे सरकला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मूर्तिजापूर या मार्गावर आले. यवतमाळ मात्र दूर राहिले.

यवतमाळ हे पठारावरील गाव असून समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तेव्हा या प्रदेशाला ‘वणी जिल्हा’ म्हणत. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळाले. येथील शेतकऱ्याचा कापूस बैलबंडीने दिवसेंदिवस प्रवास करून मुख्य मार्गापर्यंत जात असे. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडीची चाके रुतत आणि वाहतूक ठप्प होई. ही अडचण दूर करण्यासाठी मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने पुढाकार घेतला. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या पेढीच्या व्यवस्थापनाखाली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हा मार्ग तयार झाला. मूर्तिजापूर हे मध्यवर्ती जंक्शन. तेथून एक शाखा उत्तरेकडे अचलपूरला जाते. तिची लांबी सुमारे ७६ किलोमीटर. दुसरी शाखा कारंजा, दारव्हा, लाडखेड अशी स्थानके घेत यवतमाळला येते. ती ११३ किलोमीटरांची. दारव्ह्याहून पुसदकडे जाणारा आणखी एक फाटाही पुढे झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो उखडला गेला. म्हणूनच एका मार्गावरील साध्या स्थानकासारख्या दिसणाऱ्या दारव्ह्याला ‘जंक्शन’ म्हटले जाई.

या गाडीने काय वाहून नेले, हे समजण्यासाठी कापसाचा प्रवास समजून घ्यावा लागतो. शेतातून वेचलेल्या शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते. उरते ती बहुतांशी सरकी. सरकीसह सारा कापूस दूर नेणे व्यापाऱ्याला परवडत नाही. म्हणून सरकी वेगळी करणारे जिनिंगचे कारखाने कापूस पिकविणाऱ्या गावांच्या जवळ उभे राहिले. रुई हलकी, पण फुगीर. वाघिणीत तिचे वजन थोडे आणि जागा फार. म्हणून तिला यंत्राने दाबून घट्ट गाठी बांधणारे प्रेसही तेथेच आले. आजची प्रमाणित गाठ १७० किलोची असते. रेल्वे आली तेथे जिन-प्रेस आले, जिन-प्रेस आले तेथे बाजार भरला, मजूर आले, त्यांच्या वस्त्या झाल्या. आमच्या कित्येक पालकांच्या वाडवडिलांनी अशाच जिनांत आणि फलाटांवर ओझी वाहिली. मुलांना हे सांगितले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “माझे पणजोबा प्रेसमध्ये गाठी उचलायचे.” इतिहासाच्या पुस्तकात न सापडणारी ही नोंद तिने त्याच दिवशी वहीत लिहून घेतली.

अडीच फुटांचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रूळ इतके जवळ का? उत्तर खर्चात आहे. रुळांतील अंतर कमी असले की डबे लहान होतात, इंजिन हलके होते, रूळही हलके चालतात. पूल आणि भराव लहान पुरतात. वळण अधिक तीव्र ठेवता येते, त्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालून मार्ग नेता येतो. जेथे माल हंगामी आणि प्रवासी मोजके, तेथे रुंद मार्ग परवडत नसे. अडीच फुटी मार्ग परवडत असे. महाराष्ट्रातच १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेने हे दाखवून दिले होते. तिचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ७६२ मिलिमीटरांचेच माप निवडले होते.

या काटकसरीची किंमतही होती. लहान रुळांवरची वाघीण मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही. म्हणून मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. कंपनीने बांधकामात वाचविलेला पैसा हमालाच्या पाठीवर ओझ्याच्या रूपाने आला, असे आम्ही मुलांना समजावून दिले. तेथून गाठी मुंबई बंदरात आणि जहाजाने मँचेस्टरच्या बाजारपेठेकडे जात.

इंजिनही मँचेस्टरचेच. १९२१ मध्ये तेथे बनलेले ‘झेडडी’ जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर सेवेत होते. ते सुमारे सत्तर वर्षे राबले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याला निवृत्त करून डिझेल इंजिन आणण्यात आले. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी त्यापूर्वी प्रवास केला, त्यांना कोळशाचे कण डोळ्यांत गेल्याचे अजूनही आठवते.

मालकीचा प्रश्न

या मार्गाविषयी सर्वांत अधिक बोलली जाणारी गोष्ट म्हणजे त्याची मालकी. ‘शकुंतला अजून इंग्रजांच्या ताब्यात आहे आणि भारत सरकार दरवर्षी इंग्लंडला भाडे भरते,’ हे वाक्य अनेकांनी ऐकले असेल. आमच्या विद्यार्थ्यांनीही ते आत्मविश्वासाने सांगितले. तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आमच्या विद्यालयात शिकविला जातो. ऐकीव गोष्ट स्वतः पडताळून घ्यावी, हा त्याचा आशय येथे उपयोगी पडला.

वस्तुस्थिती अशी आहे. मार्ग कंपनीचा होता, परंतु गाड्या चालविण्याचे काम कराराने जीआयपीकडे होते. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये जीआयपी मध्य रेल्वेत सामील झाली. देशातील बहुतेक खासगी रेल्वे सरकारच्या ताब्यात आल्या. ही कंपनी मात्र राष्ट्रीयीकरणातून बाहेर राहिली. त्यामुळे गाडी मध्य रेल्वेची, कर्मचारी मध्य रेल्वेचे आणि रूळ कंपनीचे, अशी विलक्षण व्यवस्था पुढे अनेक दशके चालली. करारानुसार कंपनीला मोबदला देय असे. किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मालकीची झाली. म्हणून ‘इंग्रजांची रेल्वे’ हे वर्णन ऐकावयास रोचक असले, तरी नेमके नाही. खासगी मालकीमुळे मार्गाच्या देखभालीची जबाबदारी मात्र दोन घरच्या पाहुण्यासारखी झाली. रूळ झिजत गेले, गाडीचा वेग कमी करावा लागला आणि अखेरीस प्रवाशांना त्याचा त्रास सोसावा लागला.

कापसाची गाडी माणसांची झाली

सरकारी कागदोपत्री ही ‘पॅसेंजर’ होती. ‘शकुंतला’ हे नाव लोकांचे. ज्या गाडीची आखणी रुईच्या गाठींसाठी झाली, तिला लोकांनी माणसाचे नाव दिले, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

ट्रकची वाहतूक वाढल्यावर कापूस रस्त्याने जाऊ लागला आणि गाडीत माणसेच उरली : शेतमजूर, भाजी विकणाऱ्या बाया, माहेरी निघालेल्या लेकी, दवाखान्यात निघालेले रुग्ण, शाळकरी मुले. तिकीट बसच्या मानाने कितीतरी स्वस्त होते. मूर्तिजापूर ते यवतमाळ हे अंतर कापावयास सहा-सात तास लागत. आमच्या विद्यार्थ्यांनी तेथेच भागाकार केला. वेग ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटर निघाला. “म्हणजे सायकलच!” असे एकजण म्हणाला आणि सारे हसले.

स्थानकाजवळ एक वयोवृद्ध गृहस्थ उन्हाला बसले होते. मुलांना हसताना पाहून त्यांनी जवळ बोलाविले. एका मुलाने विचारले, “आबाजी, तुम्ही बसले होते का गाडीत?” ते म्हणाले, “बसलो म्हंजे? माह्यी वरात याच गाडीनं आली, बाप्पा. वावरातून हात दाखोला का डायवर गाडी धिमी करे.” मग त्यांनी सांगितले की, गार्डच तिकिटे देई, गार्डच झेंडी दाखवी आणि इंजिन जोडण्या-सोडण्याकडेही तोच पाही. मोजक्या माणसांवर सारा कारभार चाले. वेग थोडा असल्यामुळे कोणाची गाडी चुकत नसे. चुकली, तरी पुढच्या स्थानकावर धावत जाऊन ती पकडता येई, असेही ते म्हणाले. यातील शेवटच्या वाक्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे आम्ही मुलांवर सोपविले.

आमच्या वसतिगृहातील जुन्या विद्यार्थ्यांचाही या गाडीशी संबंध आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीनंतर पत्र्याची पेटी, वळकटी आणि आईने बांधून दिलेल्या भाकरी घेऊन ती मुले दारव्हा-लाडखेडकडून येत. ज्या घरात बसच्या भाड्याला पैसे नसत, त्या घरातील मूल या गाडीमुळे शाळेत पोहोचले. एखादी रेल्वे तोट्यात आहे की नाही, हे हिशेबाच्या वहीत पाहिले जाते. अशी मुले त्या वहीत कोठेच दिसत नाहीत.

स्थानकाबाहेरचा रस्ता

रेल्वेविषयी बोलताना आम्ही विद्यार्थ्यांना आणखी एका प्रवासाची आठवण करून दिली. १९०१ च्या सुमारास बालवयातील भीमराव आपल्या भावंडांसह वडिलांना भेटण्यासाठी निघाले आणि सातारा भागातील मसूर स्थानकावर उतरले. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरांची वागणूक बदलली. बैलगाडीवाले त्यांना नेण्यास तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकावी, या अटीवर एकजण तयार झाला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग सविस्तर लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग यवतमाळचा नाही. परंतु रेल्वेचा अर्थ समजून घेताना तो वगळता येत नाही. रेल्वेने सर्वांना एका डब्यात बसविले आणि तिकिटाची किंमत जातीवर ठरविली नाही, हे खरे आहे. त्याच वेळी स्थानकाच्या दारातून बाहेर पडताच जुना समाज तसाच उभा होता, हेही तितकेच खरे आहे. यंत्र आले म्हणजे समता आपोआप येत नाही. ती माणसांना आणावी लागते. मुले हे ऐकताना गंभीर झाली होती.

आजची स्थिती

गेल्या काही वर्षांत या मार्गाच्या दोन्ही शाखांवरील गाड्या एकामागून एक थांबल्या. मार्ग रुंद करून पुन्हा सुरू करावा, यासाठी विदर्भातील नागरिकांनी वेळोवेळी आंदोलने केली. त्या मागणीचा विचार सरकारदरबारीही झाला. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड या सुमारे २८४ किलोमीटरांच्या रुंद मार्गाचे काम सुरू झाले आणि त्यातील वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. आपल्या जिल्ह्याला नवी रेल्वे मिळते आहे, याचा आम्हांला आनंद आहे.

नवी रेल्वे येताना जुनीचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र उरतोच. दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेला १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नेरळ-माथेरानची गाडी पर्यटकांमुळे टिकली. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय आहे; तेथे जुनी इंजिने व डबे जवळून पाहता येतात. विद्यार्थ्यांना तेथे अवश्य न्यावे. परंतु संग्रहालयात इंजिन दिसते, हमाल दिसत नाही. यवतमाळच्या स्थानकाचे मोल येथे आहे. ज्या मातीतून कापूस निघाला, ज्या फलाटावरून गाठ चढली आणि ज्या वस्तीतून तो उचलणारा हात आला, ते सारे येथे एका दृष्टिक्षेपात येते.

आणखी एक कठोर सत्यही येथेच दिसते. शंभर वर्षांपूर्वी कापूस येथून कच्च्या स्वरूपात बाहेर गेला आणि त्याचा भाव दूरच्या बाजारात ठरला. आज गाडी थांबली आहे, कापूस अजूनही बहुतांशी तसाच बाहेर जातो आणि भाव अजूनही दूरच ठरतो. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमागे अनेक कारणे आहेत. त्यांपैकी हे एक जुने कारण या रुळांच्या दिशेतच वाचता येते. परतीच्या वाटेवर एका विद्यार्थ्याने विचारले, “कापूस इथे, मग कापड इथे का नाही?” या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आम्ही देऊ शकलो नाही. तो प्रश्न त्याच्या मनात राहावा, एवढीच आमची इच्छा आहे.

भेट देणाऱ्यांसाठी आणि आठवणी असणाऱ्यांसाठी

ज्यांना मुलाबाळांसह हा मार्ग पाहावयाचा असेल, त्यांनी हिवाळ्यात जावे. पावसाळ्यात गवत वाढते आणि सापांचे भय असते. पायांत बूट असावेत. रेल्वेच्या हद्दीत शिरण्यापूर्वी संबंधितांची परवानगी घ्यावी. खिळा, पट्टी, फलकाचा तुकडा, काहीही आठवण म्हणून उचलू नये. प्रत्येक वस्तू जागेवर असतानाच बोलते. मुलांकडे मोजपट्टी आणि वही द्यावी. त्यांना आधी माप घेऊ द्यावे, मग माहिती सांगावी. आणि तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हे कोणी बांधले, कोणासाठी बांधले आणि बांधताना कोणाचे हात लागले?

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, अखेरची विनंती तुम्हांला आहे. कंपनीचे करार, इंजिनांची नावे, मार्गाची लांबी ही माहिती कागदांवर टिकून राहील. परंतु कोणत्या स्थानकावर चहा मिळे, तिकिटाचे पैसे कमी पडले तेव्हा काय झाले, सुटी संपवून वसतिगृहाकडे निघताना खिडकीतून आई कोठपर्यंत दिसत राही, हे फक्त तुम्हांला ठाऊक आहे. ते चार ओळींत का होईना, लिहून विद्यालयाकडे पाठवा. घरात वडीलधाऱ्यांपैकी कोणी जिनात, प्रेसमध्ये किंवा रेल्वेच्या कामावर राबले असेल, तर त्यांच्याजवळ बसून विचारा आणि लिहून घ्या. जुने तिकीट किंवा छायाचित्र असल्यास त्याची प्रत द्या. या सर्वांची एक वही आम्ही विद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवणार आहोत.

त्या वहीचे पहिले पान लिहून झाले आहे. त्यावर नववीतील त्या मुलीच्या अक्षरात तिच्या पणजोबांचे नाव आणि त्यांचे काम नोंदलेले आहे. पुढची पाने तुमची वाट पाहत आहेत.